घरातल्या संस्कृत पोथ्यांची सूची आणि जतन: बासन सोडण्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंत

जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली आली. आत लाल कापडात बांधलेली अकरा बासनं होती. सासऱ्यांचे आजोबा याज्ञिकी करायचे, या त्यांच्या पोथ्या, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. नात्यातले एक काका म्हणाले, "आता कोण वाचणार आहे? रामकुंडावर न्या आणि गोदामाईत सोडा. दोष लागत नाही." सासूबाई म्हणाल्या, "सोडायच्या तर सोडू, पण आधी त्यात काय आहे ते तरी बघू."

ते बघणं सव्वादोन वर्षं चाललं. अकरा बासनांतून १३८ पोथ्या निघाल्या. माझं संस्कृत दहावीपर्यंतचं. सुरुवातीला विचारायला कुणी नव्हतं, त्यामुळे काही चुका अशा झाल्या की आता दुरुस्त करता येत नाहीत. तुमच्या घरात अशी पेटी असेल तर त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पोथी वाचता आली नाही तरी तिची नोंद करता येते, या भरवशावर कामाला लागा. वाचणारा माणूस पुढे भेटतो, पण तोवर पोथी जागेवर आणि तिच्या क्रमात असायला हवी.

काय काय जमवून ठेवायचं

- मऊ केसांचे दोन ब्रश: एक रुंद, एक बारीक (चित्रकलेच्या दुकानात मिळतात)
- एन-९५ मास्क. साधा रुमाल पुरत नाही, जुनी बुरशी छातीत जाते
- मऊ शिसाची पेन्सिल (२बी), पट्टी, मापाची टेप
- बिनरंगाची मलमल. नाशकात मेनरोडवर कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळते. आणल्यावर दोनदा गरम पाण्यातून काढून खळ पूर्ण घालवा, कारण खळीला कसर लागते
- दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची सुती नाडी
- ॲसिड-फ्री कागद आणि पुठ्ठा (मागवावा लागतो)
- टिपकागद, थोडा जास्तच
- मोबाइल किंवा कॅमेरा, तो खाली तोंड करून धरणारा स्टँड
- एक जाड वही. संगणकावर तक्ता कराच, पण पहिली नोंद वहीत

सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, बॉलपेन आणि रबरी शिक्का या वस्तू त्या खोलीतच आणू नका. हाताशी असल्या की मोह होतो.

१. मुहूर्त: दिवाळीनंतर, होळीआधी

नाशिकचा पावसाळा पोथ्यांना सोसत नाही. आषाढ-श्रावणात बासन सोडलं तर कागद हवेतलं पाणी ओढतो, पानं वाकतात, आणि परत बांधताना तो ओलावा आत कोंडला जातो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, तेही सकाळी अकरानंतर, दव आणि गारठा उतरल्यावर. जमीन कोरडी, खिडकी उघडी, पंखा बंद. पंख्याच्या एका झोताने सुटं पान पलंगाखाली गेलं की त्याची जागा शोधण्यात दोन दिवस जातात.

पोथ्यांना कडक ऊन दाखवायची रीत आमच्याकडेही होती. करू नका. उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि लाल शाई उडते. सावलीत, मोकळ्या हवेत एक दिवस ठेवलं तरी पुरतं.

२. बासन सोडण्याआधी फोटो काढा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. पहिलं बासन सोडलं तेव्हा आत लहान-मोठ्या आकाराची पानं एकमेकांत मिसळलेली दिसली. मला वाटलं, आधी सारख्या आकाराची पानं एकत्र लावू, म्हणजे सोपं जाईल. तासाभरात छान गठ्ठे झाले. सहा महिन्यांनी कळलं, की लिहिणाऱ्याने एका श्राद्धप्रयोगाच्या (श्राद्धाचा विधी सांगणाऱ्या पोथीच्या) मधोमध त्याच विधीला लागणारी दोन वेगळी स्तोत्रं मुद्दाम घालून ठेवली होती. म्हणजे ते बासन त्या याज्ञिकाची कामाची पिशवी होती. त्या घरी विधी प्रत्यक्षात कुठल्या क्रमाने व्हायचा, हे त्या रचनेवरून कळलं असतं. मी ती मोडली, आणि फोटो काढलेला नव्हता.

म्हणून:

अ) पेटीतल्या बासनांना पेटीत असतानाच क्रमांक द्या. क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहा, कापडावर नको. वरून आणि बाजूने फोटो घ्या.

आ) गाठ सोडा, कापायची नाही. कापडावर काही लिहिलं असेल तर ते उतरवून घ्या. कापड कितीही विटलं तरी फेकू नका, वेगळं ठेवा.

इ) वरची फळी काढल्यावर पुन्हा फोटो. मग एकेक पोथी उचलून बाजूला ठेवा, पहिल्या पोथीवर दुसरी उलटी न पाडता. बासन ३ मधली चौथी पोथी म्हणजे ३/४. हा क्रमांक आयुष्यभर बदलायचा नाही, विषयवारी पुढे कशीही लावली तरी.

ई) पोथीत सापडलेली प्रत्येक गोष्ट जपा: वाळलेलं बेलाचं पान, दक्षिणेचा हिशेब लिहिलेली चिठोरी, मोडीतलं पत्र, कुंडली. ती कुठल्या दोन पानांमध्ये होती ते लिहा आणि पाकिटात घालून त्याच पोथीसोबत ठेवा. एका पोथीचा काळ आम्हाला त्यातल्या मोडी हिशेबावरूनच लागला.

३. झाडणं, पुसणं नव्हे

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका, त्यांत बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. पान पुठ्ठ्यावर ठेवून मधून कडेकडे, आपल्यापासून दूर, हलक्या हाताने ब्रश फिरवा. ओलं फडकं, स्पिरिट, खोडरबर यांतलं काहीही नको. जुनी काळी शाई काजळी आणि डिंकाची असते, ओलं बोट लागलं तरी फरफटते.

बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती आजच सोडा. जुने लेखक चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर पिवळी हरताळ फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. लाल मजकुरासाठी हिंगूळ वापरत, त्यात पारा असतो. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि लहान मुलांना जवळ बसवू नका.

एकमेकांना चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. 'पानं १४ ते १९ चिकटलेली' एवढी नोंद करून पुढे जा. ते काम जतनतज्ज्ञाचं.

फाटलेली पानं घेऊन लॅमिनेशनच्या दुकानात जाण्याचा सल्ला मला तीन वेगवेगळ्या लोकांनी दिला. एका ओळखीच्या घरी तसं केलेलं मी पाहिलं आहे. दहा-बारा वर्षांत प्लास्टिक पिवळं पडलं, आत बुडबुडे आले, आणि ते सोडवायला जावं तर कागदाचा थर त्याच्याबरोबर निघतो. एकदा केलं की परत फिरता येत नाही.

४. ही हाताने लिहिलेलीच आहे ना?

एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर (दगडी छापावर) छापलेल्या पोथ्या भरपूर निघाल्या. आडवी सुटी पानं, बोरूचं वळण, समासात 'राम', सगळं हस्तलिखितासारखंच. आमच्या १३८ मधल्या २१ अशा निघाल्या. ओळखायचं कसं? भिंग घ्या. बोरूने लिहिताना शाई संपत येते, अक्षर फिकं होतं, पुन्हा बुडवल्यावर एकदम गडद. शिळाछापात हा चढउतार नसतो, सगळीकडे एकसारखा करडा-काळा रंग. बोरूचा दाब कागदाच्या मागे उमटलेला नसतो. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव बघा. या पोथ्याही ठेवण्यासारख्या आहेत, पण त्यांची यादी वेगळी करा.

५. पानं मोजणं

सोपं वाटतं, पण नवख्या माणसाची नोंद इथेच सगळ्यात जास्त चुकते. पोथीच्या एका सुट्या पानाला 'पत्र' म्हणायचं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन 'पृष्ठं'. पोथीत क्रमांक पत्राला असतो, पृष्ठाला नाही. आपल्याकडच्या देवनागरी पोथ्यांत तो बहुधा पत्राच्या मागच्या बाजूला असतो: डाव्या समासात वर ग्रंथाच्या नावाचं लघुरूप आणि अंक, उजव्या समासात खाली पुन्हा अंक आणि 'राम' किंवा 'शिव'. छापील पुस्तकाच्या सवयीने आपण अंक असलेली बाजू पुढची धरतो, आणि पूर्ण पोथी एका पृष्ठाने सरकते. मी पहिल्या नऊ पोथ्यांचे फोटो असेच चुकीच्या क्रमाने काढले होते.

पत्र १ ची पुढची बाजू बहुतेक वेळा कोरी असते, किंवा तिच्यावर नाव आणि मालकाचा शेरा असतो. मजकूर मागच्या बाजूपासून, बहुधा 'श्रीगणेशाय नमः' ने सुरू होतो. बाजूंना मी 'पु' आणि 'मा' अशी खूण करते: १२पु, १२मा.

पत्रांचे अंक एकेक करून वाचा. मधला अंक नसेल तर पान हरवलंय, की लिहिणाऱ्याने अंक गाळलाय? आधीच्या पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीशी जुळते का ते बघा. वाक्य जुळलं तर फक्त अंक गळलाय. कधी एकच अंक दोन पानांवर येतो, त्यावेळी '२३' आणि '२३ दुसरं' असं लिहा. स्वतःचे नवे अंक घालू नका.

लघुरूपांची एक छोटी यादी करत चला. समासात 'नि. सिं.' दिसलं तर निर्णयसिंधु, 'मु. चिं.' म्हणजे मुहूर्तचिंतामणी, 'अ. को.' म्हणजे अमरकोश. सुट्या पडलेल्या पानांना घर मिळवून देणारी हीच खूण असते.

६. नोंदतक्ता

एका पोथीला एक ओळ. रकाने पुढीलप्रमाणे ठेवा:

पोथी क्रमांक / ग्रंथनाव / कर्ता / टीका आणि टीकाकार / विषय / भाषा / लिपी / पत्रसंख्या / नसलेली पत्रं / लांबी × रुंदी सेंटिमीटरमध्ये / एका पृष्ठावरच्या ओळी / एका ओळीतली अक्षरं / पूर्ण की अपूर्ण / लेखनकाळ / लेखकाचं नाव आणि गाव / आरंभ / शेवट / पुष्पिका / चित्रं / अवस्था / शेरा

यातल्या 'लेखक' या शब्दावर घोटाळा होतो. पोथीच्या भाषेत ग्रंथ रचणारा तो कर्ता, आणि ही प्रत हाताने लिहून काढणारा तो लेखक. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या समाप्तीच्या नोंदीत, 'लिखितं' च्या आसपास येणारं नाव लेखकाचं. ते कर्त्याच्या रकान्यात टाकलं की कालिदासाच्या काव्याचा कर्ता तुमच्या आळीतला कुणी भटजी होऊन बसतो.

'आरंभ', 'शेवट' आणि 'पुष्पिका' हे रकाने जसंच्या तसं उतरवायचे. शुद्धलेखन सुधारायचं नाही. पोथीत 'धर्म्म' असेल तर 'धर्म्म', 'व' च्या जागी 'ब' असेल तर 'ब'. जुन्या वळणात काही अक्षरं अडवतात: 'ख' हा 'रव' सारखा दिसतो, शब्दांमध्ये जागा नसते, आणि फार जुन्या पोथीत एकाराची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या काठीसारखी दिलेली असते, तिला पृष्ठमात्रा म्हणतात. ती काना समजून वाचली तर एका शब्दाचाही अर्थ लागत नाही. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजाने भरलेलं अक्षर पुढच्या माणसाची फसवणूक करतं.

ओळी आणि अक्षरं का मोजायची? ग्रंथाचा आकार मोजायचं जुनं माप ३२ अक्षरांचा एक 'ग्रंथ', म्हणजे एक अनुष्टुभ श्लोक. समजा, २४ पत्रं आहेत आणि पहिली बाजू कोरी. म्हणजे ४७ पृष्ठं, दर पृष्ठी ९ ओळी, दर ओळीत सुमारे ३२ अक्षरं. हिशेब ४२३ ग्रंथ. लिहून घेणाऱ्याने मोबदला देताना बरेचदा हीच संख्या शेवटी नोंदवलेली असते. ती तुमच्या हिशेबाच्या दुप्पट दिसली तर समजा, अर्धी पोथी दुसऱ्या बासनात आहे.

वेदाच्या पोथीला 'सस्वर' की 'स्वररहित' हे जरूर लिहा. स्वरांच्या आडव्या-उभ्या रेघा पुष्कळदा लाल शाईत असतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये त्या फिक्या पडतात नाहीतर दिसतच नाहीत, म्हणून वेदाच्या पोथीची झेरॉक्स हा पर्यायच नाही.

७. कुठला ग्रंथ आहे ते ओळखणं

आधी शेवट वाचा, मग आरंभ. 'इति श्री…' पासून 'समाप्तः' पर्यंतच्या वाक्यात नाव आणि कर्ता बहुतेक वेळा सापडतो. शेवटचं पान नसेल तर मधल्या अध्यायांचे शेवट बघा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या घरांत काय मिळू शकतं याचा अंदाज असला की काम सोपं होतं. वेदांच्या संहिता आणि रुद्र, संस्कारांचे आणि श्राद्धाचे प्रयोग, कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु, काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु, ज्योतिषात ग्रहलाघव आणि मुहूर्तचिंतामणी, वैद्यकात माधवनिदान, पोरांना शिकवायला अमरकोश आणि रघुवंशाचे पहिले सर्ग. आमच्याकडे गौतमीमाहात्म्याच्या दोन अपुऱ्या प्रती निघाल्या. हा ब्रह्मपुराणातला गोदावरीचा भाग. म्हणून त्याचा विषय 'पुराण' लिहायचा आणि शेऱ्यात 'क्षेत्रमाहात्म्य'.

पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात चार ओळी आणि वर-खाली बारीक अक्षरात मजकूर दिसला तर ती 'त्रिपाठी' मांडणी: मधे मूळ, भोवती टीका. नवखा माणूस वरून खाली सलग वाचतो आणि गोंधळतो. अशा पोथीत दोन ग्रंथ असतात, दोन्हींची नावं हवीत.

समासात बारीक अक्षरं आणि ओळीत काकपदाची (^ सारखी) खूण दिसली तर तो गाळलेला मजकूर आहे, शेजारचा अंक कितव्या ओळीत घालायचा ते सांगतो. असं दुरुस्त केलेलं पान अधिक मोलाचं, कारण कुणीतरी ते दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिलेलं असतं.

शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा' किंवा 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत्' असे श्लोक आले तर ते ग्रंथाचा भाग म्हणून धरू नका. ते लेखकाचं मागणं आहे, शेकडो पोथ्यांच्या शेवटी येतं. पहिल्यात तो म्हणतो, समोर जसं होतं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका. दुसऱ्यात पोथी स्वतः बोलते: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. नोंद पुष्पिकेच्या रकान्यात करा.

ताडून पाहायला छापील आवृत्त्या लागतात. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या आणि पुण्याच्या आनंदाश्रमाच्या जुन्या आवृत्त्या त्यासाठी उत्तम. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, शोधाची सुरुवात तिथून करा.

८. काळ ठरवणं

घरातली पोथी किती जुनी हे सांगायची घाई सगळ्यांना असते. या कामात इतका संयम दुसऱ्या कशालाच लागत नाही.

आमच्या ७/२ या पोथीच्या पहिल्याच पानावर शके १४४२ निघालं. घरात आनंदीआनंद, पाचशे वर्षांपूर्वीची पोथी! नंतर कळलं, तो ग्रहलाघव आहे. गणेश दैवज्ञांनी गणितासाठी शके १४४२ हे आरंभवर्ष धरलं, आणि ते श्लोकातच 'द्व्यब्धींद्र' या शब्दाने गुंफलं. द्वि म्हणजे २, अब्धि म्हणजे समुद्र, ४, आणि इंद्र १४. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे १४४२. हा ग्रंथ कुणी काल उतरवला तरी त्यात १४४२ च येणार. ज्ञानेश्वरीच्या प्रत्येक प्रतीत 'शके बाराशतें बारोत्तरें' येतं, तसंच. ग्रंथाचा काळ वेगळा, प्रतीचा काळ वेगळा. प्रतीचा काळ पुष्पिकेत शोधायचा.

त्याच पोथीच्या शेवटच्या पानावर, अक्षर थोडं घाईचं झालेलं, शेवटचा दंड लांब ओढलेला: 'शके १७३६ भावनाम संवत्सरे आश्विन शुद्ध ५ पंचवट्यां लिखितं'. खाली तेलाचा अंगठ्याएवढा डाग. ही प्रतीची तारीख.

ती खरी का हे तपासायचा एक जुना हिशेब आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरलेली बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, साठांतल्या पहिल्या प्रभवापासून मोजून. १७३६ अधिक १२ म्हणजे १७४८. त्याला ६० ने भागून बाकी ८. आठवा संवत्सर भाव. जुळलं. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घेऊन बघा: १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा आनंद. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. आकडा आणि संवत्सर जुळत नसतील तर बहुधा तुम्ही आकडा चुकीचा वाचलाय. जुन्या वळणात १ आणि ९, तसेच ५ आणि ६ चटकन फसवतात.

इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. तिथी पौषाच्या पुढची, माघ-फाल्गुनातली असेल तर ७९. पौषाला जपून, त्यात इंग्रजी वर्ष बदलतं. आणि नुसतं 'संवत्' लिहिलेलं असेल तर ते विक्रम संवत् असू शकतं, त्यातून ५७ वजा करा, कार्तिकातलं नवं वर्ष ध्यानात ठेवून. गुजरात किंवा काशीहून आलेल्या पोथ्या नाशकात काही कमी नाहीत, म्हणून संवत् दिसला की लगेच शक समजू नका.

तारीख नसेल तर रकान्यात 'नाही' लिहा. 'अंदाजे ३०० वर्षं' असं लिहू नका.

९. फोटो

खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा पानाला समांतर, खाली काळं किंवा करडं कापड, कडेला सेंटिमीटर पट्टी. पूर्ण पान चारही कडांसकट यायला हवं. कोऱ्या बाजूचाही फोटो घ्या, नाहीतर पुढे कुणालाही वाटेल की पान राहून गेलं. फाइलचं नाव 'पोथी_पत्र_बाजू': ०७-०२_०१२_मा. तीन ठिकाणी साठवा, त्यातलं एक नाशिकबाहेर, एखाद्या नातलगाकडे.

१०. पुन्हा बांधणं आणि ठेवणं

आधीच्या फळ्या चांगल्या असतील तर त्याच वापरा. पोथीच्या वर-खाली ॲसिड-फ्री कागद, मग फळी किंवा पुठ्ठा, मग मलमल, मग रुंद नाडी. बारीक सुतळी कडा कापते. बांधणी घट्ट हवी पण पान वाकेल इतकी नाही. सैल पोथीत कसर शिरते, पानं घासतात आणि वाकडी होतात. 'शिथिल बंधन' म्हणतात ते हेच.

बासनं आडवी ठेवा, चारपेक्षा जास्त एकावर एक नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं मोकळी सोडा. वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा, दरवर्षी बदला. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळवून, तोही पोथीला न टेकता. डांबरगोळ्या बासनात घालू नका. त्यांचा वास माणसालाही बरा नाही.

दसऱ्याला सरस्वतीपूजनात पोथ्या मांडायची पद्धत आमच्या घरी अजून आहे, आणि ती राहावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या पोथ्यांवरचे निम्मे डाग मात्र त्याच पूजेचे: हळदीकुंकू, ओल्या फुलांचा रस, निरांजनातलं तूप. आता पाटावर पोथी ठेवतो, समोर दुसऱ्या ताम्हणात सुपारी, आणि गंध-फूल त्या सुपारीला. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले चालतं. त्याच निमित्ताने वर्षातून एकदा सगळी बासनं उघडून तपासली जातात.

११. पाणी शिरलं तर

गोदाकाठी राहणाऱ्यांनी हे आधीच वाचून ठेवावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात तळमजल्यावरची पोथ्यांची ट्रंक पाण्यात गेली. घाबरून त्यांनी ओली पानं एकेक करून सोडवायला घेतली, आणि शाई हाताला लागून आली.

ओल्या पोथीची पानं सोडवू नका. बासन आहे तसं दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, फळीवर ठेवा, कापड हळूच काढा. वरखाली टिपकागद ठेवा, भिजला की बदला. सावलीत, खोलीतला पंखा मंद, झोत थेट पोथीवर नको. हेअर ड्रायर, इस्त्री, ऊन, काही नको. शाईचं वर्तमानपत्र टिपायला वापरू नका. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून त्याच दिवशी जतनकेंद्राला फोन करा आणि ते सांगतील तसंच वागा. पुराचा भाग असेल तर पेटी पहिल्या मजल्यावर हलवा, पहिल्या पावसाआधी.

१२. कुणाला दाखवायचं, कुणाला द्यायचं

७५ वर्षांहून जुनं, साहित्यिक, शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. ते खासगी माणसाने देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. चित्रं असलेली जुनी पोथी निघाली तर तिच्या नोंदणीची चौकशी पुरातत्त्व खात्याकडे करा. 'चांगली किंमत देतो' म्हणत दारात येणाऱ्याला पोथी दाखवूही नका.

२००३ साली केंद्र सरकारने हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशन जाहीर झालं, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करायला. खासगी घरांतले संग्रहही त्यात येतात, मूळ पोथी घरीच ठेवून. सल्ल्यासाठी पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे, १९१७ पासूनची, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर. नाशिकहून धुळं जवळ पडतं, रामदासी बाडं (शिवलेल्या हस्तलिखित वह्या) निघाली तर आधी तिथे विचारा.

जाताना बरोबर न्यायचं:

- नोंदतक्त्याच्या दोन प्रती
- प्रत्येक पोथीच्या पहिल्या, शेवटच्या आणि सगळ्यात खराब पानाचे फोटो
- आधार कार्ड
- घरातल्या सगळ्या वारसांच्या सह्यांचं संमतिपत्र. हे विसरलं तर वर्षभराने चुलत घरातून तक्रार येते
- संग्रह घरात कसा आला याचं अर्ध्या पानाचं निवेदन

पहिल्या खेपेला मूळ पोथी नेऊ नका. आमच्या दोन पोथ्या एका अभ्यासकाने 'आठ दिवसांत पाहून परत देतो' म्हणून नेल्या. पावती घेतली नव्हती, फोटो नव्हते, पत्रसंख्यासुद्धा लिहिलेली नव्हती. माणूस मोठा, विचारायचा संकोच झाला. सहा वर्षं झाली. तक्त्यात त्यांच्या ओळी मी रिकाम्या ठेवल्या आहेत: ५/१ आणि ५/६.

तेव्हा पोथी कुणालाही, कितीही आदरणीय असला तरी, देताना पावती घ्याच. तिच्यावर पोथी क्रमांक, पत्रसंख्या, अवस्था, परत द्यायची तारीख आणि दोघांच्या सह्या हव्यात. स्कॅन करून देणार असतील तर स्कॅनची प्रत तुम्हाला मिळेल आणि ती कुठे वापरली जाईल हे लेखी घ्या. कायमचं दान करायचं असेल तर संग्रह एका नावाने, न फोडता ठेवावा, अशी अट घाला. बासन क्रमांक टिकवावेत, हेही लिहा.

गोदेत सोडा म्हणणारे काका गेल्या दसऱ्याला आले होते. गौतमीमाहात्म्याची पोथी पाटावर होती. त्यांनी चष्मा लावला, हात धुऊन आले आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. दुसऱ्या पानाला अडले, तेव्हा पृष्ठमात्रा कशी वाचायची ते मी त्यांना दाखवलं.